टाकीतल्या मक्याची जमीन कुठून येते?

२०२५च्या ऑगस्टमध्ये ई-२० पेट्रोलवरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, देशभर वाद पेटला आणि तो जवळजवळ सगळा मायलेज आणि इंजिन यांच्याभोवती फिरत राहिला. गाडी किती कमी पळते, रबरी नळ्या खराब होतात का, वॉरंटीचं काय, विमा कंपनीने हात वर केले तर? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १ सप्टेंबरला याचिका फेटाळली गेली, तरी भांडण थांबलं नाही. एका बाजूला ही ग्राहकाची लूट वाटते, दुसऱ्या बाजूला टीका करणारा प्रत्येकजण तेल कंपन्यांचा हस्तक. गाडीवाल्यांची काळजी खोटी नाही; जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं, हे निती आयोगाच्याच २०२१च्या आराखड्यात लिहिलेलं आहे. पण इंजिनं बदलतात. चार-पाच वर्षांत नव्या गाड्या या इंधनाला सरावतील आणि हा वाद आपोआप मागे पडेल. जमीन तशी बदलून मिळत नाही. मका आणि ऊस टाकीत ओतण्यासाठी जी जमीन लागते तिच्यावर आधी काय पिकत होतं आणि ते आता कुठे पिकवलं जाणार, हा या धोरणातला खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं सरळ आहे: अन्नपिकांपासून बनणाऱ्या इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे नेण्याचा विचारही जमिनीचा हा हिशेब मांडल्याशिवाय करू नये, आणि मक्याच्या बाबतीत तर आताच हात आखडता घ्यावा.

हिशेब म्हणजे काय ते आधी पाहू. लातूर किंवा वाशिमकडचा शेतकरी खरिपात सोयाबीन पेरायचा, यंदा त्याने मका पेरला. त्याच्या शेतात झाड तुटलं नाही, रान पेटलं नाही, काहीच वावगं घडलं नाही. पण देशाची खाद्यतेलाची भूक तेवढीच राहिली. कमी पडलेलं तेल आपण बाहेरून आणलं. तिकडे मागणी वाढली, भाव चढला आणि इंडोनेशियाकडच्या सुमात्रा किंवा बोर्निओ बेटावर कुणीतरी आणखी थोडी जमीन पामतेलाच्या लागवडीखाली आणली. ती जुनी रबराची बाग असेल तर फारसं बिघडलं नाही. ती जंगलातली किंवा दलदलीतली असेल, तर शेकडो वर्षं तिथे साठलेला कार्बन हवेत गेला. मका पेरणाऱ्याला याची गंधवार्ता नाही आणि पाम लावणाऱ्याला लातूर कुठे आहे ते ठाऊक नाही. दोघांना जोडतो तो बाजारभाव. अप्रत्यक्ष भू-वापर बदल म्हणतात तो हाच.

आपल्याकडे हे किती मोठं आहे? नोव्हेंबर २०२५पासूनच्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटर इथेनॉलचं वाटप केलं. त्यातलं ४७८ कोटी लिटर एकट्या मक्याचं, म्हणजे उसापेक्षा कितीतरी जास्त. एक टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल मिळतं. म्हणजे सव्वा कोटी टनांहून थोडा जास्त मका लागला. हेक्टरी साडेतीन टन असा देशाचा सरासरी उतारा धरला तर ही ३५-३६ लाख हेक्टर जमीन झाली. महाराष्ट्रात सोयाबीन साधारण पन्नास लाख हेक्टरवर असतं. त्याच्या सत्तर टक्के. पाच-सहा वर्षांपूर्वी मक्यापासून इथेनॉल जवळजवळ होतच नव्हतं. इतक्या थोड्या काळात एवढी मोठी नवी मागणी उभी राहते तेव्हा ती फक्त पडीक जमिनीतून आणि वाढलेल्या उताऱ्यातून भागेल, असं कोण म्हणेल? एरवी मका निर्यात करणारा हा देश २०२४मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला, हा पहिला इशारा होता. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. पोल्ट्रीवाले त्या वर्षी शुल्कमुक्त आयातीसाठी दिल्लीत खेटे घालत होते ते उगाच नाही. २०२५च्या खरिपात देशात मक्याचा पेरा सुमारे दहा लाख हेक्टरने वाढला आणि सोयाबीनचा काही लाख हेक्टरने घटला.

शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात नवल काहीच नाही. कोरडवाहू सोयाबीन एकरी सहा-सात क्विंटल. पिवळा मोझॅक रोग आला किंवा काढणीच्या तोंडावर पाऊस लागला तर चारही होत नाही. २०२४-२५मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात मिळत होते चार हजारांच्या आसपास. मका एकरी वीस क्विंटल सहज देतो, दोन हजारांनी गेला तरी चाळीस हजार हातात येतात आणि वर जनावरांना चारा. लष्करी अळीचा खर्च धरूनही गणित मक्याच्याच बाजूने झुकतं. अशा माणसाला इंडोनेशियाच्या जंगलाची जबाबदारी सांगणं हा अन्याय आहे. जबाबदारी त्याची नाहीच. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा दर ज्यांनी ठरवला, ती त्यांची.

पण या गणिताचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. मक्यातला स्टार्च काढून घेतल्यावर जो चोथा उरतो तो वाळवून डीडीजीएस नावाने पशुखाद्यात जातो. टनाला साधारण तीनशे किलो. इथेनॉलचे समर्थक म्हणतात, बघा, प्रथिनं तर परत आलीच, मग जमीन वाया गेली कुठे? मुद्दा बरोबर आहे आणि जमिनीच्या कुठल्याही प्रामाणिक हिशेबात हे श्रेय द्यावंच लागतं. आता पुढे काय होतं ते पाहा. डीडीजीएस सोयापेंडीपेक्षा बरीच स्वस्त. खाद्य बनवणारे तिकडे वळतात, पेंडीला गिऱ्हाईक कमी होतं. सोयाबीनच्या दाण्यातून तेल निघतं जेमतेम अठरा टक्के, बाकी बहुतेक पेंडच. म्हणून सोयाबीनचा भाव मुख्यतः पेंडीवर ठरतो. पेंड पडली की सोयाबीन पडलं, सोयाबीन पडलं की पुढच्या जूनला आणखी एक शेतकरी मक्याकडे गेला. प्रथिनं परत आली, तेल आलं नाही. उलट जे पीक तेल देत होतं त्याचाच पाय ओढला गेला.

तेल कमी पडलं की काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आपण वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो, त्यात पामचा वाटा सर्वात मोठा, आणि हे बिल आता दीड लाख कोटी रुपयांच्या घरात आहे. इथेनॉलमुळे २०१४-१५पासून जुलै २०२५पर्यंत १ लाख ४४ हजार कोटींचं परकीय चलन वाचलं, असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. सगळ्या दशकाची बचत एका वर्षाच्या खाद्यतेलाच्या बिलाइतकीसुद्धा नाही. खाद्यतेलाची आयात इथेनॉलमुळे सुरू झाली असं मी म्हणत नाही. ती त्याच्या कितीतरी आधीपासून वाढत आली आहे. पण आत्मनिर्भरतेच्या नावाने एक आयात घटवताना दुसरी वाढेल अशी पिकांची रचना करणं याला काय म्हणायचं? तुरीचंही तेच. सोयाबीनमध्ये तुरीचे तास सहज बसतात, दाट पेरलेल्या मक्यात तसे बसत नाहीत. आणि तूर आपण मोझांबिक, टांझानिया, म्यानमारकडून आणतो. सोयाबीन हवेतलं नत्र जमिनीत बांधतं, मक्याला मात्र युरियाच्या गोणी लागतात. २०२५च्या खरिपात युरियासाठी ज्या रांगा लागल्या त्यामागे वाढलेल्या मक्याचाही हात होता.

कार्बनचं गणित कागदावर मांडायला अवघड नाही. एक हेक्टर मका, साडेतीन टन, त्यातून १,३३० लिटर इथेनॉल. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे पेट्रोल वाचलं सुमारे ८८० लिटर. मक्याच्या इथेनॉलचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा पन्नास टक्क्यांनी कमी असतं, असा निती आयोगाच्या अभ्यासाचा दाखला मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला. तो जसाच्या तसा मानला तरी हेक्टरी वर्षाला कार्बन डायऑक्साइडची बचत येते सव्वा टनाच्या आसपास. आता तो हेक्टर आधी सोयाबीनचा होता असं धरा. देशाच्या सरासरीने टनभर सोयाबीनचं १८० किलो तेल गेलं. पाम हेक्टरी साडेतीन टन तेल देतो, तेव्हा ही तूट भरायला हेक्टरचा विसावा हिस्सा पुरतो. ही पामची खरी ताकद आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. दुसरं कुठलंही तेलपीक एवढ्या कमी जमिनीत एवढं तेल देत नाही. पण दलदलीची जमीन निचरा करून पामखाली आणली, की ती कुजत राहते आणि हेक्टरी दरवर्षी सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड सोडते, तेही दशकानुदशकं. विसाव्या हिश्शाचे झाले दोन टन. म्हणजे तूट भरणारा सगळा पाम अशा जमिनीत आला तर बचत संपून वर नुकसानच. सगळा येत नाही. नव्या लागवडीचा पाचवा हिस्सा जरी दलदलीत गेला असं धरलं, तरी बचतीतला तिसरा हिस्सा इथेच गेला. आणि यात तोडलेल्या झाडांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. २००८नंतर जगात पामचा जो विस्तार झाला त्यातला ४५ टक्के जंगलासारख्या कार्बनसमृद्ध जमिनीवर झाला, असं युरोपियन कमिशनचा २०१९चा अहवाल सांगतो. इंडोनेशियाने २०२५पासून स्वतःच्या डिझेलमध्ये चाळीस टक्के पामचं जैवडिझेल मिसळायला घेतलं आहे, त्यामुळे तिथली ओढ आणखी वाढणार.

या सगळ्यावरचा सर्वात वजनदार आक्षेप असा की हे मोजायचं कसं? अप्रत्यक्ष परिणाम कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो संगणकाच्या प्रारूपातून निघतो, आणि प्रारूपं एकमेकांशी जुळत नाहीत. हे खरं आहे. फेब्रुवारी २००८मध्ये टिमथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की जमिनीचा बदल धरला तर अमेरिकी मक्याचं इथेनॉल तीस वर्षांच्या काळात पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट उत्सर्जन करतं. खळबळ उडाली. नंतरच्या प्रारूपांनी हा आकडा बराच खाली आणला. कॅलिफोर्नियाने २००९मध्ये मक्याच्या इथेनॉलवर जमिनीच्या बदलापोटी दर मेगाज्यूल ऊर्जेमागे ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा भार टाकला होता, २०१५मध्ये तो वीसच्या खाली आणला. पुन्हा २०२२मध्ये टायलर लार्क आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. अमेरिकेच्या इंधन-मिश्रणाच्या कायद्यामुळे मक्याचे भाव तीस टक्क्यांनी वाढले, २१ लाख हेक्टर जास्तीची जमीन नांगराखाली आली, आणि हे इथेनॉल पेट्रोलपेक्षा चांगलं तर नाहीच, बहुधा २४ टक्क्यांनी वाईट आहे, असा त्याचा निष्कर्ष. इथेनॉल उद्योगाने आणि काही सरकारी शास्त्रज्ञांनी त्यावरही कडाडून हरकत घेतली. वाद मिटलेला नाही. पण वादातले बहुतेक गंभीर अभ्यासक आकडा शून्य आहे असं म्हणत नाहीत. धरणाच्या भिंतीतून किती पाणी झिरपतं यावर दोन अभियंत्यांत मतभेद असतील, म्हणून पाणी झिरपतच नाही असं धरून खालच्या गावाला घरं बांधू देत नाहीत. आपण मात्र तो आकडा शून्यच धरला आहे. मंत्रालयाने २०२५मध्ये तोवर ७३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याचं सांगितलं, त्या निवेदनात जमिनीच्या बदलाचा शब्दही नाही. अमेरिकेने २००७च्या कायद्यातच अप्रत्यक्ष उत्सर्जन मोजण्याची अट घातली. युरोपने २०१५मध्ये अन्नपिकांच्या इंधनावर सात टक्क्यांची मर्यादा आणली. त्यांची अंमलबजावणी कितीही कच्ची असो, प्रश्न त्यांच्या कायद्यात आहे. आपल्याकडे इथेनॉलचा दर ठरतो तो ऊस, मळी, तांदूळ की मका यावरून. कार्बनचा त्यात संबंधच येत नाही.

दुसरा आक्षेप मनाला जास्त लागतो. दीडशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून श्रीमंत झालेले देश आता आम्हाला मोजमाप शिकवणार का? युरोपने पामवर बंधन आणलं तेव्हा इंडोनेशिया आणि मलेशियाने त्याला आडून घातलेला व्यापारी अडसर म्हटलं, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या न्यायमंडळाने अंमलबजावणीत भेदभाव झाल्याचं मान्यही केलं. ही तक्रार रास्त आहे. पण युरोपने हिशेबाचा गैरवापर केला म्हणून आपण हिशेबच ठेवायचा नाही, हे काही उत्तर नव्हे. शिवाय हा हिशेब युरोपला दाखवण्यासाठी ठेवायचा नाही. आपली डाळ, आपलं तेल आणि आपलं पाणी यांसाठी ठेवायचा आहे.

आणि दूरच्या मागणीने जवळची जमीन कशी बदलते हे मराठी मुलखाला कुणी नव्याने सांगायला नको. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाड आणि खानदेशात ज्वारीच्या जागी कापूस चढला, चराऊ कुरणं नांगराखाली गेली. वऱ्हाडात रेल्वे आली, खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जं मात्र राहिली. दहा वर्षांनी, मे १८७५मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या दंग्यांमागे दुसरीही कारणं होती, पण कापसाची ही तेजी-मंदी त्यांतलं एक मोठं कारण. वऱ्हाडातली कुरणं मात्र परत आली नाहीत. शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडले तेव्हा गुरांना चारा नव्हता आणि घरात साठवणीची ज्वारीही नव्हती. मँचेस्टरच्या कुठल्या गिरणीच्या जमाखर्चात वऱ्हाडातलं कुरण लिहिलेलं होतं? तेव्हा आपण साखळीच्या त्या टोकाला होतो. आज सुमात्रा त्या टोकाला आहे आणि गिरणीच्या जागी आपण.

शेतकऱ्याच्या भल्याचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. इथेनॉलमुळे साखर कारखान्यांकडे पैसा आला, उसाची थकबाकी कमी झाली, मक्याला दोन हंगाम चांगला भाव मिळाला. हे कोण नाकारेल? पण जो भाव एका सरकारी वाटपावर उभा असतो तो दुसऱ्या वाटपाने पडतोही. डिसेंबर २०२३मध्ये ऊस कमी दिसताच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने निर्बंध आले आणि कारखान्यांची गणितं रातोरात विस्कटली. मग मका पुढे आला. पाठोपाठ अन्न महामंडळाचा तांदूळ डिस्टिलरींना क्विंटलला २,२५० रुपयांनी मिळू लागला. २०२४-२५साठी ५२ लाख टन ठेवला गेला. तिकडे मक्याचा पेरा वाढतच होता. नोव्हेंबर २०२५मध्ये कर्नाटकात गदग-हावेरीकडचे शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा मक्याचा हमीभाव २,४०० होता आणि बाजारात सोळा-अठराशे मिळत होते. सोयाबीन सोडून आलेल्याला इथेही हमीभाव मिळाला नाही. मग शेतकऱ्याचं भलं व्हायचं असेल तर ते तेलबिया आणि डाळींच्या हमीभावाने खरोखर खरेदी करून का होऊ नये? त्याने आयात घटते, जमिनीला नत्र मिळतं आणि कुणाच्या जंगलावर भार पडत नाही.

उसाबद्दल थोडक्यात. उसाच्या इथेनॉलच्या एका लिटरमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, हा आकडाही निती आयोगाचाच. उजनी आणि जायकवाडीच्या खालच्या गावांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. उसाने अडवलेल्या पाण्यावर जी ज्वारी, हरभरा, करडई पिकली असती ती कुठेतरी दुसरीकडे पिकवावी लागते. जमिनीचा हा बदलही अप्रत्यक्षच, फक्त तो सुमात्रात न होता शेजारच्या तालुक्यात होतो.

इथेनॉल बंद करा असं मी म्हणत नाही. सी-हेवी मळीतून, म्हणजे साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीतून, निघणारं इथेनॉल साखरेच्या मागून येतं, त्यासाठी एक गुंठाही वेगळा पेरावा लागत नाही. खराब झालेलं धान्य, पानिपतच्या प्रकल्पात जाणारा भाताचा पेंढा, आसाममधल्या नुमालीगडचा बांबू, हे सगळं जरूर वाढावं. पण याला आज दर आणि आधार किती आणि मक्याला किती? आणि जमीनच गाड्यांसाठी वापरायची असेल तर तुलना उघडच आहे. हेक्टरभर मक्याच्या इथेनॉलवर एक मोटार वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास धावेल. त्याच हेक्टरवर सौर पॅनेल लावले तर वर्षाला सात-आठ लाख युनिट वीज मिळते आणि विजेवरची मोटार एका युनिटवर सहा किलोमीटर जाते. म्हणजे चाळीस लाख किलोमीटरांहून जास्त. दोनशेपटींहून अधिक. रस्त्यावर असलेल्या पेट्रोलच्या गाड्या एका रात्रीत जाणार नाहीत हे मान्य, म्हणून वीस टक्क्यांवर थांबणं समजू शकतं. पुढे जाणं समजत नाही.

आणि पुढे जाण्याचा रेटा आता बाहेरून नाही, आतूनच आहे. २०२५-२६साठी डिस्टिलरींनी देऊ केलं १,७७६ कोटी लिटर आणि लागत होतं १,०५० कोटी. व्याजसवलतीच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या या क्षमतेला गिऱ्हाईक हवं आहे. आपल्या सहकारी कारखान्यांनाही मक्यावर चालणाऱ्या डिस्टिलरी करायला प्रोत्साहन दिलं जातंय. म्हणून सत्तावीस टक्के, तीस टक्के अशी मागणी सुरू झाली आहे. तो निर्णय होण्याआधी केंद्राने तीन गोष्टी जाहीर कराव्यात: इथेनॉलसाठी मक्याच्या टनांवर दरवर्षीची कमाल मर्यादा, कच्च्या मालाऐवजी जमीन धरून मोजलेल्या कार्बनवर ठरणारा खरेदीदर, आणि २०२०पासून जिल्हावार कुठलं पीक घटून मका वाढला आणि त्या पिकाची आयात किती वाढली, याचा तक्ता. पीकपेऱ्याची आकडेवारी कृषी खात्याकडे आहे, आयातीची वाणिज्य मंत्रालयाकडे. दोन्ही एकत्र मांडायला नवं संशोधन लागत नाही.